दहा दिवसांतले दोन निकाल

२०२५ च्या जुलैत मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. त्या दहा दिवसांत एका निकालाने जे सुखावले, त्यांतले बहुतेक दुसऱ्या निकालाने खवळले. आणि दोन्हीकडचे लोक ठासून सांगत होते की आम्ही भावनेवर नव्हे, पुराव्यावर बोलतो आहोत. मुसलमानांविषयीचे आपले वाद कसे चालतात हे दाखवणारं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्या संवादातले दोघे मी रचलेले आहेत. अण्णा बोरिवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. आपा मूळच्या मालेगावच्या, मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या, आता नाशिकला राहणाऱ्या. त्यांचे युक्तिवाद मात्र मी रचलेले नाहीत. ते लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज ऐकू येतात. दोघांनाही मी जमेल तितकं समंजस ठेवलं आहे. समोरच्या पक्षातला सगळ्यात बावळट माणूस निवडायचा आणि त्याला हरवून मिरवायचं, ही या वादातली पहिली लबाडी आहे. ती मला करायची नव्हती.

अण्णा: आपा, आडपडदा ठेवायचा नाही असं ठरलंय, तर सरळ सांगतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मी चर्चगेटहून निघालेल्या एका गाडीत होतो. त्या दिवशी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माहीमपासून मीरा रोडपर्यंत रुळांवर माणसं पडली होती. १८० हून अधिक गेले. एकोणीस वर्षांनी कोर्ट म्हणतं, या बारा जणांवर काहीच सिद्ध झालेलं नाही. तेही मी गिळलं. पण काही मंडळी लगेच विजयाच्या सुरात लिहायला लागली. त्यात गेलेल्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती.

आपा: ते मलाही लागलं. पण त्या सुरामागे काय होतं तेही बघा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असताना करोनाने गेला. त्याच्यावर काही सिद्ध झालेलं नाही हे ऐकायला तो उरला नव्हता.

अण्णा: निर्दोष सुटणं वेगळं आणि निर्दोष असणं वेगळं. पुरावा कमी पडला, एवढंच कोर्टाने सांगितलंय.

आपा: मान्य. मालेगावचा निकाल लागला तेव्हाही हेच म्हणालात का?

अण्णा: नाही. तेव्हा म्हणालो, हिंदूंना दहशतवादी ठरवण्याचा डाव उघडा पडला.

आपा: माझा भाचा २१ तारखेला म्हणाला, शेवटी न्याय मिळाला. आणि ३१ तारखेला म्हणाला, सरकारनेच खटला पाडला. तुमची दोन वाक्यं अदलाबदल केली की त्याची होतात.

अण्णा: पण खटला पाडला असं म्हणायला त्याच्याजवळ काही आधार असेल की नाही?

आपा: आहे. त्या खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की आरोपींच्या बाबतीत मवाळ राहा असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्याकडून आपल्याला मिळाला. ही गोष्ट साधी नाही. बरेच साक्षीदार फिरले, तेही खरं. पण भाच्याला सालियन ठाऊक आहेत, निकालात काय लिहिलंय ते ठाऊक नाही.

अण्णा: मग माझ्याकडेही आधार आहे. लोकलच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार तडक सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला स्थगिती मिळाली.

आपा: हे अर्धंच सांगितलंत. त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही, एवढ्यापुरती ती स्थगिती आहे. सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही.

इथे दोघांना थांबवून ते दोन निकाल शेजारी शेजारी ठेवतो. एक सहाशेहून जास्त पानांचा, दुसरा हजाराहून जास्त. ते पुरते वाचणारे थोडेच असणार. पण त्यांचा गाभा वर्तमानपत्रांतही आला होता आणि तेवढा वाचला असता तरी पुरे होतं.

लोकल खटल्यात उच्च न्यायालयाला काय दिसलं? आरोपींना ओळखणारे साक्षीदार, त्यांत टॅक्सीचालकही होते, घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि मग त्यांना चेहरे आठवले. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. मोक्काखाली नोंदवलेल्या कबुलीजबाबांचे भाग एकमेकांवरून उतरवून काढल्यासारखे होते, आणि छळ करून ते मिळवल्याची शंका न्यायालयाला बाजूला सारता आली नाही. मुद्देमाल नीट सीलबंद ठेवलेला नव्हता. बॉम्ब कोणत्या जातीचा होता हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

आता मालेगाव. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा माणसं गेली, एवढं निर्विवाद. पण बॉम्ब मोटारसायकलवरच ठेवला होता, ती मोटारसायकल आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांचीच होती, आरडीएक्स दुसरे आरोपी कर्नल पुरोहित यांनीच आणलं, यांतलं काही सिद्ध झालं नाही. पंचनाम्यात त्रुटी होत्या. फोनवरची संभाषणं रीतसर परवानगीशिवाय टिपलेली होती. यूएपीएखालची मंजुरीच सदोष होती. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसवता येत नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं.

दोन्ही तपास मुळात एकाच यंत्रणेने केले होते, महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने. मालेगावचं प्रकरण पुढे २०११ मध्ये एनआयएकडे गेलं. कोठडीत छळ झाल्याची तक्रार लोकल खटल्यातल्या आरोपींनी केली, तशी प्रज्ञासिंह यांनीही केली. न्यायालयांनी त्या तक्रारी ज्याच्या त्याच्या पुराव्यावर तपासल्या आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आली. लोकांनी मात्र तपासणीची वाट पाहिली नव्हती. एका बाजूने पहिली तक्रार डोळे मिटून खरी मानली, दुसऱ्या बाजूने दुसरी. जे लोक एरवी पोलिसी कबुलीजबाबावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत, त्यांना मालेगावच्या आरोपपत्रातलं अक्षर न् अक्षर खरं वाटत होतं. जे एरवी आरोपपत्र म्हणजे शिक्षाच मानतात, त्यांना मालेगावच्या बाबतीत अचानक मानवी हक्क आठवले. मला यात सगळ्यात वाईट हे वाटतं की दोन्ही ठिकाणी तपास ढासळला, याबद्दल कुणाला फारसा राग आला नाही. राग आला तो फक्त नको त्या धर्माचे लोक सुटले याचा.

अण्णा: तुम्ही मालेगावच्या. तिथे त्याआधीही स्फोट झाले होते.

आपा: ८ सप्टेंबर २००६. शुक्रवार आणि शब-ए-बरात एकाच दिवशी. बडा कब्रस्तानात लोटलेली गर्दी. तीसहून अधिक गेले. एटीएसने शहरातलेच मुसलमान तरुण धरले, एकूण नऊ जण आरोपी झाले. आपल्याच लोकांच्या कबरींवर त्यांनी बॉम्ब ठेवले, असा आरोप. पुढे एनआयएने भलतीच माणसं आरोपी केली आणि २०१६ मध्ये त्या नऊ जणांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं. तोवर त्यांतला एक वारलेला होता.

अण्णा: तेव्हा मला वाटलं होतं, त्यांच्यात्यांच्यातलं काही भांडण असेल.

आपा: तसं वाटायला तुम्हाला पुरावा लागला नव्हता ना? मला एवढंच म्हणायचंय.

अण्णा: थांबा, आता माझा प्रश्न. तेव्हाचे एटीएसप्रमुख हेमंत करकरे यांच्याबद्दल तुमच्याकडे काय बोलतात ते मी ऐकलंय. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवरच्या हल्ल्यात त्यांना पाकिस्तानी अतिरेक्यांनी मारलं. त्यांतला कसाब जिवंत हाती लागला. उघड खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली. तरीही कुणीतरी हळूच सांगतं, मालेगावच्या तपासामुळे त्यांना आपल्यातल्याच कुणी संपवलं.

आपा: बोलतात. भाचाही बोलतो. आणि ते खोटं आहे. करकऱ्यांनी मालेगावच्या खटल्यात हिंदू आरोपी पकडले, म्हणून ते आमच्यातल्या काहींचे नायक झाले. त्यांना लष्कर-ए-तोयबाने मारलं, म्हणून ते तुमच्याकडे हुतात्मा झाले. दोन्ही करकरे एकच होते हे कुणालाच सोसत नाही. तुमच्यातले काही पहिल्या करकऱ्यांना शिव्या देतात, आमच्यातले काही दुसऱ्यांचं मरण नाकारतात.

अण्णा: हे तुम्ही उघडपणे कबूल करताय, बरं वाटलं.

आपा: आता तुम्ही ऐका. त्या हल्ल्यात मेलेल्या नऊ अतिरेक्यांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा दिली नाही. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या ट्रस्टने साफ सांगितलं, ही माणसं आमची नाहीत. मुसलमानाला दफन नाकारणं म्हणजे काय, हे आमच्यात जन्मल्याशिवाय पुरतं कळत नाही. प्रेतं वर्षभराहून जास्त काळ जे. जे.च्या शवागारात पडून होती, शेवटी सरकारने गुपचूप पुरली. 'मुसलमान कधी निषेध का करत नाहीत' हा प्रश्न त्यानंतर मी किती वेळा ऐकला असेल! विचारणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसते असं नाही. मोजताना तो ती धरत नाही.

अण्णांना बोलायचं होतं ते लोकसंख्येवर. हा विषय निघाला की आवाज चढतात आणि आकडे ऐकूही येत नाहीत. म्हणून त्यांना मी सवड दिली आहे.

अण्णा: पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. १९५० ते २०१५ मध्ये मुसलमानांचा वाटा ४३ टक्क्यांनी वाढला, हिंदूंचा पावणेआठ टक्क्यांनी घटला. सरकारी कागद आहे. यात पूर्वग्रह कुठे आला?

आपा: आकडा बरोबर आहे. मुसलमानांचा वाटा ९.८४ टक्क्यांवरून १४.०९ टक्क्यांवर गेला. म्हणजे शंभर माणसांत दहा होते, पासष्ट वर्षांनी चौदा झाले. मूळ आकडा लहान असला की वाढीची टक्केवारी मोठी दिसते, हे मी सातवीला शिकवायचे. त्याच तक्त्यात बौद्धांचा वाटा ०.०५ टक्क्यांवरून ०.८१ वर गेलेला आहे, सोळा पटींनी. त्याचा मथळा कुणी केला नाही. कारण महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडलं. तिथे आपण आकड्यामागचं कारण शोधतो. मुसलमानांचा आकडा आला की कारण आधीच ठरलेलं असतं.

अण्णा: पण वाढीचा वेग जास्त आहे हे तरी मान्य कराल? २००१ ते २०११ मध्ये मुसलमान २४.६ टक्क्यांनी वाढले, हिंदू १६.८ टक्क्यांनी. तुमच्या बाजूचे लोक हा फरक सरळ नाकारतात.

आपा: नाकारतात ते चूक करतात. फरक होता, आजही आहे. पण तो कुठे चाललाय ते बघा. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू स्त्रीमागे ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत २.३६ आणि १.९४. अंतर १.१ वरून ०.४ वर आलं. मुसलमानांचा दर जास्त वेगाने उतरलाय. आणि तामिळनाडूतल्या मुसलमान स्त्रीपेक्षा बिहारमधल्या हिंदू स्त्रीला जास्त मुलं होतात. शाळा, दवाखाना आणि मुलीच्या लग्नाचं वय, यांच्यामागे हा आकडा चालतो.

अण्णा: देशाची सरासरी मला सांगू नका. आसामच्या सीमेवरच्या जिल्ह्यांत काय झालं ते सरासरीत दिसत नाही.

आपा: बरोबर आहे. मग आसामच्या जिल्ह्याबद्दल बोला. धुबरीचा आकडा घेऊन मिरजेच्या मोमीनाकडे बघू नका.

अण्णा: आणि चार बायका?

आपा: याच पाहणीत आपल्या नवऱ्याला एकाहून जास्त बायका असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया मुसलमानांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. कायद्याने परवानगी असलेल्या आणि नसलेल्या समाजांत एवढाच फरक. ती परवानगी रद्द व्हावी असं मला वाटतं, १.९ साठीही. पण तुमच्या ग्रुपवर जो आकडा फिरतो तो कुठून येतो, हे एकदा विचारून बघा.

तुरुंगातल्या मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे, यावरही दोघांचं थोडक्यात बोलणं झालं. अण्णांच्या बाजूला त्यातून गुन्हेगारी वृत्ती दिसते, आपांच्या भाच्याला पोलिसांचा आकस दिसतो. पण दलित आणि आदिवासींचं प्रमाणही तुरुंगात असंच जास्त आहे आणि तिथे कुणी धर्मग्रंथ उघडून बसत नाही. देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत. जामिनाला पैसा, जामीनदार आणि वकील लागतो. आकसही असेल, तो तपासला पाहिजे. पण गरिबी बाजूला ठेवून तो आकडा वाचताच येत नाही, आणि ती बाजूला ठेवणं दोन्ही बाजूंना सोयीचं जातं.

अण्णा: आता मला खरंच छळणारी गोष्ट सांगतो. इस्लाममधल्या एखाद्या प्रथेवर मी बोललो की लगेच शिक्का बसतो, मुस्लिमद्वेष्टा. ज्योतिबांनी ब्राह्मणशाहीवर लिहिलं, आगरकरांनी आपल्या जिवंतपणी आपलीच प्रेतयात्रा निघालेली पाहिली, दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. आमच्यात टीका करणाऱ्यांनी एवढं सोसलं, पण टीका थांबली नाही. तुमच्यावर बोलायचं नाही हा कुठला न्याय?

आपा: बोला की! मी चाळीस वर्षं बोलतेय. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकविरुद्ध. सातच बायका. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द केला तो २०१७ मध्ये, त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. मधल्या काळात आम्हाला आमच्या लोकांनी काय सांगितलं ठाऊक आहे? आत्ता नको, आत्ता दंगलीचं वातावरण आहे, आत्ता निवडणूक आहे, दुसरे याचा फायदा घेतील. माझ्या सबंध उमेदीत 'आत्ता' कधी आलाच नाही.

अण्णा: मग दलवाईंना आम्ही मानतो, यात वावगं काय?

आपा: तुम्ही अर्धे दलवाई मानता. हिंदू पुनरुज्जीवनवादही या देशाच्या धर्मनिरपेक्षतेला धोका आहे, हे त्यांनी लिहिलेलं तुम्ही कधी पाठवलंत? आणि आमच्याकडे ते उरलेलं अर्धंही कुणी वाचत नाही, हे त्याहून वाईट. शिरीन दळवी आठवतात? मुंबईतल्या उर्दू वर्तमानपत्राच्या संपादक. २०१५ मध्ये शार्ली एब्दोच्या मुखपृष्ठाचं चित्र छापलं म्हणून आमच्याच लोकांनी गुन्हे दाखल केले. अटक झाली, मुंबई आवृत्ती बंद पडली, मुंब्र्यातलं घर सोडावं लागलं. तेव्हा अभिव्यक्तीच्या नावाने गळे काढणारे तुमच्यातले पुष्कळ होते. २०१९ च्या डिसेंबरात याच बाईंनी नागरिकत्व कायद्याच्या निषेधार्थ राज्य उर्दू अकादमीचा पुरस्कार परत केला. मग माणसं बदलली. पंधरा साली गप्प असलेले टाळ्या वाजवू लागले आणि टाळ्या वाजवणारे गप्प झाले. बाई तीच होती.

अण्णा: तलाकचा २०१९ चा कायदा तरी चांगला झाला ना?

आपा: तलाक होत नाही असं न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. मग झालाच नाही त्या गोष्टीसाठी नवऱ्याला तीन वर्षं तुरुंग का? बायकोला टाकून जाणारा हिंदू नवरा तुरुंगात जातो का?

अण्णा: धाक लागतो, आपा. नुसता निकाल कागदावर राहतो.

आपा: आणि नवरा आत गेल्यावर पोटगी कोण देणार?

यावर त्यांचं जमलं नाही आणि जमवून द्यावं असं मलाही वाटत नाही. हा मतभेद खरा आहे. तो बाईच्या भल्यासाठी कायदा कसा असावा याचा आहे, आणि त्यावर दोन समजूतदार माणसं आयुष्यभर भांडू शकतात. वरच्या बहुतेक भांडणांत ही प्रतिष्ठा नव्हती.

अण्णा: पहलगामचं काय म्हणाल? २२ एप्रिल २०२५. अतिरेक्यांनी पर्यटकांना धर्म विचारून मारलं. सव्वीस माणसं, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. डोंबिवली, पुणे, पनवेल. त्या रात्री माझ्या एका जुन्या मित्राने काय पाठवलं माहीत आहे? फक्त त्या मुसलमान घोडेवाल्याची गोष्ट. बाकी पंचवीस जणांबद्दल अक्षर नाही.

आपा: आणि तुम्ही काय पाठवलंत?

अण्णा: धर्म विचारल्याची बातमी. घोडेवाल्याची नाही पाठवली.

आपा: दोन्ही खरं होतं. अतिरेक्यांनी हिंदू निवडून मारले हे तुमच्या मित्राने लिहायला हवं होतं, कारण तोच त्या हल्ल्याचा हेतू होता. आणि पर्यटकांसाठी एक काश्मिरी मुसलमान मेला हे तुम्ही लिहायला हवं होतं. एक सांगते, हे आमच्यावर आहे. १९९० मध्ये पंडितांना काश्मीर सोडावं लागलं, हा विषय आमच्या बैठकीत निघाला की कुणीतरी लगेच गुजरातच्या दंगलीचा विषय काढतं. पंडितांचं दुःख संपेपर्यंत ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

अण्णा: म्हणजे दोन्हीकडे सारखंच, असंच ना?

आपा: नाही. तिथे मी तुमच्याशी सहमत होणार नाही.

मीही होणार नाही, म्हणून इथे मधे बोलतो. अर्धा पुरावा निवडण्याची सवय दोन्हीकडे सारखी असेल. त्याचा मार सारखा पडत नाही. २०१४ च्या जूनमध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयी विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली. पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी हाच पुरावा होता. २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. देशात १४ टक्के असलेल्या समाजाबद्दल ८० टक्क्यांच्या समाजात जेव्हा अर्धी गोष्ट फिरते, तेव्हा ती भाड्याच्या घरापर्यंत, नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आणि कधी कधी रस्त्यावरच्या काठीपर्यंत पोचते. काश्मीर खोऱ्यात पंडित अल्पसंख्य होते, तिथे हेच त्यांच्या वाट्याला आलं. ज्याच्या हाती संख्या आणि सत्ता आहे, त्याने पुरावा जास्त कसून तपासला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अण्णांना ते पटत नाही. जगभर जिहादच्या नावाने जे चालतं त्याचा आवाका पाहता भीती वाटणं साहजिक आहे, असं ते म्हणतात.

अण्णा: भीती मी बनवलेली नाही, आपा.

आपा: नाही बनवलीत. मलाही वाटते ती. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत तालिबानने शंभराहून जास्त मुलं मारली. बहुतेक सगळी मुसलमानांची. अफगाणिस्तान, इराक, सोमालिया, जिथे जिथे हे लोक आहेत तिथे आधी आमचीच माणसं मरतात. तुम्हाला त्यांची भीती वाटते, तशीच ती मला वाटते. पण तुमची भीती माझ्या दाराशी येऊन थांबते, आणि माझी भीती तुम्हाला दिसतच नाही.

अण्णा: दाराशी म्हणजे?

आपा: तुमच्या सोसायटीत मुसलमान किती?

अण्णा: एकही नाही. गेल्या वर्षी एक कुटुंब भाड्याने जागा बघायला आलं होतं. मालकाची तयारी होती. कमिटीने नाही म्हटलं. नियमात बसत नाही असं कारण दिलं.

आपा: कुठल्या नियमात?

अण्णा: ते कुणी विचारलं नाही.

आपा: तुम्ही कमिटीत आहात ना? मग पुढच्या सभेत विचारा.

अण्णा: विचारीन. पण एकटा पडेन, हेही सांगून ठेवतो.

आपा: पडा. फक्त सेक्रेटरींना सांगून प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

अण्णा: आणि तुमच्या भाच्याला करकऱ्यांचं कोण सांगणार?

आपा: सांगितलंय. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ईदला येईलच, तेव्हा पुन्हा सांगीन.